पाळीव दुर्बीण

दुर्बीण विकत घेता येते, घरी करता येते, परदेशातल्या भाच्याकडून मागवता येते. पण कशीही आणली तरी पुढे ती पाळावी लागते, हे आणण्यापूर्वी कुणी सांगत नाही. कुत्रा पाळणाऱ्याला शेजारी निदान "चावत नाही ना?" एवढं विचारतात. दुर्बीण पाळणाऱ्याला विचारतात, "यातून समोरच्या बिल्डिंगमधलं दिसतं का हो?" कुत्र्याला दोन वेळा जेवायला घातलं आणि सकाळी रस्त्यावर फिरवून आणलं की भागतं. दुर्बिणीचं तसं नाही. तिला दमट हवा सोसत नाही, बोटाचा स्पर्श खपत नाही, कुणी फुंकर मारली तर डाग पडतात आणि पुसायला जावं तर ती कायमची रुसते. जुन्या कादंबऱ्यांतल्या नायिकेची सगळी लक्षणं तिच्यात असतात. फरक इतकाच, की नायिका शेवटच्या प्रकरणात बरी तरी होते किंवा मरते तरी. दुर्बीण दोन्ही करीत नाही. ती कपाटावर जाऊन बसते.

हे दुःख देशावरच्या माणसाला तितकंसं कळायचं नाही. तिकडे हवा कोरडी. आम्ही पडलो उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या मध्य रेल्वेच्या पट्ट्यातले लोक. मुंबईकरांच्या लेखी आम्ही गावात राहत नाही, टाइमटेबलात राहतो. जून उजाडला की समोरच्या डोंगरांना अडून जो पाऊस कोसळायला लागतो, तो गणपती जाईपर्यंत काही हलत नाही. हवेतला दमटपणा ऐंशी-नव्वद टक्क्यांवर जातो. चपलांना बुरशी येते, पापड वातड होतात आणि काडेपेटीच्या कारखान्यासाठी एके काळी ओळखल्या जाणाऱ्या अंबरनाथात काडी पेटता पेटत नाही. अशा हवेत काचेच्या एका नाजूक तबकडीनं पिढ्यान् पिढ्या ताऱ्यांकडे टक लावून राहावं, ही अपेक्षाच मुळात जरा धाडसाची. तरीही ती अपेक्षा बाळगणारी माणसं आमच्याकडे निघाली, आणि त्यांची एक परंपरा आहे. राजेरजवाड्यांच्या इतिहासात त्यांना जागा नाही. म्हणून म्हटलं, आपणच थोडी द्यावी.

आमच्या पट्ट्याचं आकाशाशी असलेलं नातं फार प्राचीन आहे, असं सिद्ध करायचा माझा बरेच दिवस प्रयत्न चालू आहे. अंबर म्हणजे आकाश, आणि त्याचा नाथ तो अंबरनाथ, इथपर्यंत कुणी हरकत घेत नाही. तिथल्या शिवमंदिरात शके ९८२चा, म्हणजे इसवी सन १०६०चा शिलालेख आहे. काळ शिलाहार राजा मुम्मुणीचा. मंदिराची मौज अशी, की गाभारा मंडपाच्या पातळीला नाही. पायऱ्या उतरून खाली जमिनीच्या पोटात जावं लागतं. आणि वर पाहावं तर शिखर पुरं झालेलं नाही, गाभारा सरळ आकाशाला उघडा. (बांधकाम अर्धवट राहणं या गोष्टीचं आमच्याकडे कुणाला फारसं आश्चर्य वाटत नाही.) खाली अंधार, भोवती जाड दगडी भिंत आणि वर उघडं तोंड. दुर्बिणीच्या नळीचं वर्णन शाळेतल्या मुलानं याहून वेगळं काय केलं असतं?

एवढं ऐकल्यावर कुणीतरी हटकून सांगतो, की अशा खोल जागेतून किंवा विहिरीच्या तळातून भरदिवसाही तारे दिसतात. ही थाप ॲरिस्टॉटलच्या काळापासून चालत आली आहे. तारे दिसत नाहीत. विहिरीच्या तळातून आकाशाचा तुकडा लहान दिसतो, पण तो उजळ तेवढाच असतो, आणि त्या उजेडातच तारे बुडालेले असतात. तारे दिसायला खड्डा लागत नाही, काळोख लागतो. हे वाक्य जरा लक्षात ठेवावं. पुढे लागणार आहे.

आता थोडं विलायतेत जाऊन येऊ. दुर्बिणीचा खरा इतिहास म्हणजे भांडी घासण्याचा इतिहास आहे, हे मला तिकडच्या हकिकती वाचून कळलं. गॅलिलिओनं १६०९ मध्ये आकाशाकडे वळवली ती भिंगांची दुर्बीण. न्यूटननं १६६८ मध्ये आरशाची केली. हा आरसा काचेचा नव्हता, तांबं आणि कथील यांच्या मिश्रणाचा होता. म्हणजे आपल्या काशाच्या वाटीचा चुलतभाऊच. आणि काशाच्या वाटीसारखाच तो काळवंडे. काळवंडला की घासायचा. पण वाटी घासली तर फार तर वाटी झिजते; आरसा घासला की त्याचा आकार बिघडतो, आणि आकार बिघडला की चंद्राचं थालीपीठ दिसायला लागतं. मग तो पुन्हा पहिल्यापासून घडवायचा.

विल्यम हर्शेल हा या घासणाऱ्यांतला सम्राट. इंग्लंडातल्या बाथ गावी तो संगीताच्या शिकवण्या करून पोट भरी आणि रात्री घरच्या बागेत स्वतः केलेली दुर्बीण लावून बसे. त्याच बागेतून १३ मार्च १७८१ला त्याला युरेनस सापडला. तेव्हा परसदारच्या खगोलशास्त्राला कुणी हसू नये. अख्खा एक ग्रह परसदारी सापडलेला आहे. हा गृहस्थ आरसा घासायला बसला की सोळा-सोळा तास हात काढीत नसे, आणि त्याची बहीण कॅरोलाइन त्याच्या तोंडात घास भरवी. आरसा ओतायचा साचा घोड्याच्या लिदीचा केलेला असे. एकदा तर घरातच मोठा आरसा ओतायचा घाट घातला असताना भट्टीतून वितळलेला धातू फरशीवर वाहिला, फरशा तडातड उडाल्या आणि मंडळी जीव घेऊन पळाली. आमच्या घरी गॅसवर दूध उतू गेलं तर त्यावर दोन दिवस चर्चा होते. कॅरोलाइनबाईंनी काय म्हटलं असेल कोण जाणे. पण पुढे त्यांनी स्वतः धूमकेतू शोधले, तेव्हा फारसं मनावर घेतलं नसावं.

हर्शेलनं १७८९ मध्ये चाळीस फूट लांबीची दुर्बीण उभी केली. जगातली सगळ्यात मोठी, आणि सांभाळायला सगळ्यात कटकटीची. आरसा काळवंडायचा, नळी हलवायला माणसं लागायची. अखेर १८३९च्या शेवटच्या रात्री त्याच्या मुलाच्या कुटुंबानं त्या म्हाताऱ्या नळीत शिरून तिच्या निरोपाचं गाणं म्हटलं. दुर्बिणीला इतकी सन्मानाची उत्तरक्रिया क्वचितच लाभते.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला फ्रान्सच्या फुकोनं आणि जर्मनीच्या स्टाइनहाइलनं काचेवर चांदीचा पातळ मुलामा द्यायची युक्ती वापरली, तेव्हा ही घासाघीस थांबली. चांदी काळी पडली तर ती तेवढी विरघळवून काढायची आणि नवी चढवायची; खालच्या काचेचा आकार जसाच्या तसा. पण चांदीची गत आपल्या देवाच्या भांड्यांसारखीच. हवेतल्या गंधकाच्या वायूंनी ती काळी पडते, आणि आमच्या पट्ट्यात रासायनिक कारखाने इतके, की काही संध्याकाळी नाकालाच मुलामा चढल्यासारखं वाटतं. पुढे १९३० नंतर निर्वात पेटीत आरशावर ॲल्युमिनियम चढवायची रीत आली आणि जगभरच्या हौशी लोकांचा जीव भांड्यात पडला.

आपल्याकडे या विद्येचा श्रीगणेशा मोठ्या थाटात झाला होता. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये कावसजी दादाभाई नायगमवाला नावाचे प्राध्यापक होते. भावनगरचे महाराजा तख्तसिंहजी यांनी पाच हजार रुपये दिले, मुंबई सरकारनं तेवढीच भर घातली आणि १८८८ मध्ये महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा उभी राहिली. तिथली डब्लिनच्या ग्रब यांच्या कारखान्यातली वीस इंची आरशाची दुर्बीण पुढे कित्येक दशकं देशातली सर्वांत मोठी होती. जानेवारी १८९८च्या खग्रास सूर्यग्रहणाला नायगमवालांनी जेऊरला तळ ठोकला, तेव्हा अमेरिकेतल्या लिक वेधशाळेची मंडळीही तिथेच येऊन बसली होती.

१९१२ मध्ये नायगमवाला निवृत्त झाले. त्यांच्या जागी दुसरा कुणी नेमला गेला असेल असं तुम्हाला वाटेल. नाही. वेधशाळाच बंद झाली. सामानाची बांधाबांध करून सगळं कोडाईकनालला पाठवलं. देशातली सर्वांत मोठी दुर्बीण तिथे पोचली खरी, पण तिला पुन्हा नीट उभी राहून आकाश बघायला स्वातंत्र्य मिळेपर्यंत थांबावं लागलं. मधली वर्षं तिचा आरसा शाबूत होता, नळी शाबूत होती, आकाश तर होतंच होतं. नव्हता तो फक्त संध्याकाळी झाकण काढणारा माणूस. दुर्बिणीला बुरशीपेक्षा मोठा रोग कुठला असेल तर तो हा.

त्यानंतरचा इतिहास म्हणूनच प्राध्यापकांपेक्षा झाकण काढणाऱ्यांचा आहे. पुण्यात १९४४ मध्ये ज्योतिर्विद्या परिसंस्था स्थापन झाली. हौशी आकाशनिरीक्षकांची ही आपल्या देशातली सर्वांत जुनी संस्था. आणि योगायोग पाहा, त्याच १९४४ मध्ये तिकडे सॅन फ्रान्सिस्कोत जॉन डॉब्सन नावाचा एक तरुण वेदान्त सोसायटीच्या मठात दाखल होऊन रामकृष्ण संघाचा साधू झाला. विश्व हे ब्रह्म आहे असं शिकवलं जात होतं, तेव्हा ते एकदा डोळ्यांनी पाहावं असं त्याच्या मनानं घेतलं. पैसे नव्हतेच. जहाजाच्या खिडकीची जाड गोल काच त्यानं भंगारातून मिळवली, ती घासून बारा इंची आरसा केला, पुठ्ठ्याची नळी केली, प्लायवुडची बैठक केली आणि रात्री कुंपणाबाहेर दुर्बीण ढकलत नेऊन रस्त्यावरच्या पोरांना शनी दाखवायला सुरुवात केली. मठात हे उद्योग फारसे पसंत नव्हते. म्हणून पत्रव्यवहारात दुर्बिणीला सांकेतिक नाव ठेवलं होतं, जिरेनियम! 'कुंडीतलं जिरेनियम' म्हणजे नळीत आणि बैठकीवर बसवलेली दुर्बीण, आणि 'फुललेलं जिरेनियम' म्हणजे मुलामा चढलेल्या आरशासकट तयार दुर्बीण. शेवटी १९६७ मध्ये स्वामीजींनी त्याला मठाबाहेरची वाट दाखवली. दुसऱ्याच वर्षी त्यानं मित्रांबरोबर फुटपाथवरच्या खगोलप्रेमींची संघटना काढली. आज जगातली निम्मीशिम्मी हौशी मंडळी ज्या साध्या लाकडी बैठकीवर दुर्बीण फिरवतात, तिला 'डॉब्सोनियन' म्हणतात ते त्याच्याच नावावरून.

हे जिरेनियम आमच्या पट्ट्यात फुललं ते हॅलेच्या धूमकेतूच्या निमित्तानं. फेब्रुवारी १९८६ मध्ये हॅले सूर्यापाशी येणार म्हणून साऱ्या महाराष्ट्राला आकाशाचा ताप चढला होता. १९८५ मध्ये मुंबईत खगोल मंडळ सुरू झालं. मुंबईच्या दिव्यांत तारे दिसेनात तेव्हा मंडळी बिछाने-थर्मास घेऊन लोकलनं बदलापूरच्या पुढच्या स्टेशनावर, वांगणीला, उतरायला लागली. अमावास्येच्या आसपास रात्रभर आकाशदर्शन करायचं आणि पहाटेच्या गाडीनं परत जायचं. आमच्याकडचे लोक जन्मभर मुंबईकडे तोंड करून गाडी पकडत आले. मुंबईकर आपल्याकडे काही बघायला येतात, आणि तेही काळोख बघायला, हे पाहून आमची छाती फुगली. बदलापूर नाव पडलं ते इथे घोडे बदलत म्हणून, असं म्हणतात. आम्ही त्या दिवसांत निदान मान बदलली, खालची वर केली.

मग घरोघर आरसे घासणं सुरू झालं. त्याची कृती अनारशांपेक्षा सोपी आणि चकलीपेक्षा अवघड आहे. सारख्या आकाराच्या दोन जाड काचा घ्यायच्या. एक पाणी भरलेल्या जड पिंपावर पक्की बसवायची. तिच्यावर कार्बोरंडमची पूड आणि पाणी टाकून दुसरी काच वर ठेवायची आणि पुढे-मागे घासत पिंपाभोवती फिरत राहायचं. वरची काच आपोआप खोलगट होते, खालची फुगीर. का, तर वरची काच सरकताना दाब तिच्या मध्यावर आणि खालचीच्या कडांवर जास्त येतो. जाड पुडीकडून बारीक पुडीकडे जायचं, शेवटी राळ-डांबराच्या गादीवर सिरियम ऑक्साइड लावून चकाकी आणायची. सहा इंची आरशाला, चार फूट अंतरावर प्रतिमा पडायची असेल तर, मध्याशी खोली लागते जेमतेम १.२ मिलिमीटर. म्हणजे दोन-तीन महिने पिंपाला प्रदक्षिणा घालून माणूस खोदतो किती, तर एका नाण्याच्या जाडीइतकंसुद्धा नाही. पण ती वक्रता बिनचूक असावी लागते केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाइतकी. ती तपासायला काय लागतं? एक दिवा आणि दाढीचं पातं. ही फुकोची १८५८ सालची युक्ती. प्रकाशाच्या वाटेत पात्याची धार सरकवली की आरशावरचे न दिसणारे डोंगर-दऱ्या सावल्यांसारखे उठून दिसतात. एवढा अचूकपणा दाढीच्या पात्यानं निघावा, हे विज्ञानाचं मला सगळ्यात आवडलेलं वाक्य आहे.

आमच्या मागच्या अंगणात असं पिंप होतं. शेजारच्या काकूंनी चार दिवस गॅलरीतून पाहिलं आणि पाचव्या दिवशी आमच्या आईला विचारलं, "वहिनी, कसलं व्रत आहे हो? आणि वडाऐवजी पिंपाला कसं चालतं?" आईनं शांतपणे सांगितलं, "उद्यापनाला बोलावीन तुम्हाला."

बाकीचं सामान उल्हासनगरचं. इथे त्या गावाचा थोडा इतिहास सांगितलाच पाहिजे. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या लाखभर लोकांना कल्याणजवळच्या रिकाम्या लष्करी छावण्यांत जागा मिळाली. ८ ऑगस्ट १९४९ला गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींनी तिथल्या वस्तीचं नाव उल्हासनगर ठेवलं. छावण्यांचे आकडे मात्र गेले नाहीत. आजही पत्ता सांगताना कॅम्प नंबर सांगतात. बरोबर काही न आणलेल्या या माणसांनी मग जगातली प्रत्येक वस्तू करायला घेतली, आणि तिच्यावर 'मेड इन यूएसए' छापलं. त्याचा अर्थ 'उल्हासनगर सिंधी असोसिएशन' असा लावून मुंबई अजून हसते. हसो. तुटलेली वस्तू उघडून, तिच्या पोटात पाहून तशीच दुसरी करायची, ही कला दुर्बीण करणाऱ्याला जितकी उपयोगी तितकी कुणालाच नाही. फर्निचर बाजारातल्या सुताराला मी प्लायवुडची साडेचार फुटी चौकोनी नळी सांगितली तेव्हा त्यानं एकच प्रश्न विचारला, "कप्पे किती?" बैठकीला सनमायका आणि त्यावर टेफ्लॉनचे तुकडे, म्हणजे नळी लोण्यासारखी सरकते आणि सोडली की तिथेच थांबते, हा डॉब्सनचा सगळा सिद्धांत एका सिंधी दुकानदारानं मिनिटात ओळखला. "ड्रॉवर उलटा लावायचा आहे, साईं," तो म्हणाला.

दुर्बीण झाली. आता पाळणं.

पहिला नियम असा, की आरसा पुसू नये. मराठी घरात हा नियम पाळणं म्हणजे महायुद्ध. धूळ दिसली की फडकं आपोआप हातात येतं. पण आरशावरच्या थोड्याशा धुळीनं काही बिघडत नाही; फडक्यानं मात्र तीच धूळ सॅण्डपेपर होते. धुळीनं मेलेल्या दुर्बिणी मी पाहिल्या नाहीत, स्वच्छतेनं मेलेल्या पुष्कळ पाहिल्या. फारच मळला तर वर्षा-दोन वर्षांनी आरसा काढून, अंगठ्या-घड्याळ उतरवून, पाण्याच्या धारेखाली धरायचा. सौम्य साबणाच्या पाण्यात बुडवलेला कापूस स्वतःच्या वजनानं ओढायचा, दाबायचा नाही. शेवटी डिस्टिल्ड वॉटर ओतून आरसा उभा करून वाळवायचा. डोळा लावायचा जो आयपीस, तो मात्र पापण्यांनी तेलकट होतो. त्याला आधी रबरी फुग्यानं वारा घालायचा आणि मग कापसाच्या बोळ्यावर शुद्ध अल्कोहोलचा एक थेंब. तोंडानं फुंकर कधीच नाही. मनुष्य कितीही सुसंस्कृत असला तरी फुंकरीबरोबर थोडा उडतोच.

दुसरा शत्रू बुरशी. तिला अंधार, ओल आणि कोंडलेली हवा लागते, आणि बोटाचा ठसा हे तिचं पक्वान्न. एकदा भिंगावर तिचं जाळं पसरलं की ती काचच कुरतडते. उपाय सोपा आहे. घट्ट झाकणाचा डबा आणि त्यात सिलिका जेलच्या पुड्या. निळे दाणे गुलाबी झाले की ओल पिऊन तृप्त झाले असं समजायचं आणि तापवून पुन्हा कोरडे करायचे. (स्वयंपाकाच्या कढईत नव्हे, यावरून एका घरात अबोला झालेला मला माहीत आहे.) आणि पावसाळ्यात उघडीप मिळेल तेव्हा नळीला वारा दाखवायचा. खरं तर हे मराठी माणसाला शिकवायलाच नको. ओला चमचा घालायचा नाही, हात कोरडे, झाकण घट्ट, मधूनमधून बघायचं; ज्या घरात लोणचं वर्षभर टिकतं त्या घरात दुर्बीण टिकलीच पाहिजे.

तिसरा नियम पाळण्याचा नाही, जगण्याचा आहे. दुर्बीण कधीही सूर्याकडे वळवून डोळा लावू नये. तो शेवटचा दृष्टान्त ठरेल. स्वस्त दुर्बिणींबरोबर आयपीसवर बसवायची काळी काच येत असे, ती उष्णतेनं तडकते. तशी असेल तर ती कुणाला भेटही देऊ नये, नदीत सोडावी.

पण हे सगळे नियम पाळूनही दुर्बिणी मरतात, हे मी एका शाळेत पाहिलं. कुणा दानशूर माजी विद्यार्थ्यानं दिलेली उत्तम दुर्बीण तिथे होती. शिपायानं कपाट उघडलं, आतून पेटी काढली. सिलिका जेल होतं, झाकण घट्ट होतं, एक ठसा कुठे नव्हता. पेटीवर पांढऱ्या रंगात नंबर आणि वर दोन अक्षरं, 'डे. स्टॉ.' सरकारी भाषेत टिकाऊ मालाला डेड स्टॉक म्हणतात, हे मला माहीत आहे. तरी छातीत जरा कळ आली. "मुलांना दाखवता का?" मी विचारलं. "छे हो, खराब होईल," ते गुरुजी म्हणाले. "किल्ली हेडमास्तरांकडे असते." एकशे काही वर्षांपूर्वी पुण्याहून कोडाईकनालला निघालेल्या पेट्या मला त्या कपाटात दिसल्या. म्हणून सांगतो, सगळ्या देखभालीचं सार एकच. महिन्यातून दोनदा तरी दुर्बीण बाहेर काढा. वाऱ्यानं बुरशी जाते आणि वापरानं डेड स्टॉक जिवंत होतो. मुलांनी हाताळून दुर्बीण थोडी खराब झाली तर ती दुरुस्त होते. न हाताळल्यानं मुलं खराब होतात, त्याला सिलिका जेल नाही.

आणि सिलिका जेल नसलेली दुसरी गोष्ट म्हणजे काळोख. ज्या काळोखासाठी मुंबईकर वांगणीला येत, तो आता मागे मागे सरकतो आहे. मुंबईपासून दूर म्हणून आम्ही इथे राहायला आलो, आणि मुंबई आमच्या पाठोपाठ पुढच्याच लोकलनं आली. बदलापूरच्या टॉवरांवर दिवे, रस्त्यांवर दिवे, लग्नाच्या हॉलवर तर आकाशालाच शोधणारे झोत. दिवे नकोत असं मी म्हणत नाही. अंधारात पाय मुरगळलेला माणूस असं म्हणणार नाही. पण दिव्यावर टोपी घातली तर उजेड रस्त्यावर पडतो आणि तारे जागच्या जागी राहतात, आणि टोपी काही महाग नसते.

२००३च्या डिसेंबरात शनीची कडी अगदी उघडलेली होती. (दर चौदा-पंधरा वर्षांनी ती आपल्याला काठावरून दिसतात आणि मिटल्यासारखी होतात; २००९ मध्ये तशी झाली, २०२५ मध्ये पुन्हा.) टेफ्लॉनवाल्या दुकानदाराच्याच गच्चीवर, कॅम्पातल्या दिव्यांच्या मधोमध, दुर्बीण लावली. शनीला भर वस्तीतले दिवेही पुसू शकत नाहीत, हे एक बरं आहे. दुकानदारानं डोळा लावला, बराच वेळ काही बोलला नाही आणि मग वर बघून म्हणाला, "साईं, ओरिजिनल है?" जन्मभर गिऱ्हाइकांकडून ऐकलेला प्रश्न त्यानं पहिल्यांदाच स्वतः विचारला असावा. मी म्हटलं, हाच एक. मग तो खाली जाऊन आपल्या म्हाताऱ्या आईला घेऊन आला. सिंधमधून आली तेव्हा ती लहान मुलगी होती. दोन जिने चढून धापा टाकत तिनं डोळा लावला. कडी पाहिली, मान हलवली आणि डोळा काढून सगळ्या आकाशावरून एक नजर फिरवली.

"आम्ही आलो तेव्हा कॅम्पात लाइट नव्हती," ती हिंदीत म्हणाली. "तारे पुष्कळ होते. वडील म्हणायचे, घर गेलं, हे बरोबर आलं."

मागे रांगेतली पोरं चुळबुळ करीत होती. पण तिनं पुन्हा एकदा डोळा लावला, आणि पोटभर पाहूनच ती खाली गेली. दुसऱ्या दिवशी सामान आवरताना आयपीसवर तिच्या डोळ्यातला सुरमा लागलेला दिसला. थोडा वेळ तसाच पाहत बसलो, आणि मग नियमाप्रमाणे अल्कोहोलचा एक थेंब घेऊन पुसून टाकला. बुरशीला सुरमा वर्ज्य नसतो.